शेकडा नफा शिकवला, दुकानाचा हिशेब राहिला



मार्जिन आणि मार्कअपचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?" आज त्यावरच बोलू. पण उत्तर माझं एकट्याचं नाही. आमच्या दुकानात संध्याकाळी काउंटर सांभाळणारी मुलगी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे उद्याची शिक्षिका. गिऱ्हाईक कमी झालं की आमचा या विषयावर वाद ठरलेला.

आधी शाळेच्या बाजूने बोलतो. शिकवलं होतं हो! 80 रुपयांची वस्तू 100 ला विकली, तर शेकडा नफा 25. पुस्तकात हा नफा खरेदी किमतीवर काढतात. तुमच्याकडे येणारा कंपनीचा माणूस मात्र त्याच वस्तूला "20 टक्के मार्जिन आहे" म्हणतो, कारण तो विक्री किमतीवर मोजतो. दोघंही बरोबर. गोंधळ होतो तो तुमचा. डोक्यात 25 धरून तुम्ही म्हणता, 10 टक्के डिस्काउंट देऊ, 15 तर उरतातच. आता नीट बघा. 100 ची वस्तू 90 ला गेली, हातात राहिले 10 रुपये. आधी 20 राहत होते. सूट दिली 10 टक्के आणि नफा गेला निम्मा! भाडं आणि लाइट बिल अजून द्यायचंच आहे.

पुस्तकातल्या दुकानदाराला ही चिंता नसते. फार तर त्याला हमाली किंवा दुरुस्ती लागते. त्याची उधारी बुडत नाही, कोथिंबीर सुकत नाही, दिवाळीचा माल होळीपर्यंत फळीवर राहत नाही. मी बीबीएला ब्रेक-इव्हनचा आलेख सुबक काढायचो, पण दुकानाचं भाडं रोजच्या विक्रीतून किती वाजेपर्यंत निघतं हे काउंटरला बसल्यावरच कळलं.

आता तिचं ऐका. इंटर्नशिपला ती ज्या शाळेत होती तिथे आनंद मेळावा झाला. तुम्ही पाहिला असेल, मुलं भेळ, वडापाव, भाजी विकतात, पालक कौतुकाने घेतात, फोटो निघतात. एका मुलाने 340 रुपयांची भेळ विकली आणि वहीत लिहिलं, नफा 340. दुसऱ्या दिवशी हिने सगळ्यांना घरी विचारून यायला लावलं, सामान कितीचं आणलं? त्या मुलाचं निघालं 265. मग फळ्यावर प्रश्न लिहिला, आईने दोन तास कांदा-टोमॅटो चिरला, त्याचे किती? वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, "आईचे पैसे नसतात, बाई."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या बॅचमध्ये दर महिन्याला ऐकतो, फक्त बोलणारे पस्तीस वर्षांचे असतात. पापडाचा भाव काढताना स्वतःची मजुरी शून्य धरतात आणि वर्षभराने विचारतात, विक्री होते पण पैसा दिसत का नाही? बाराव्या वर्षी फळ्यावर हा प्रश्न पाहिला असता तर?

एका पालकाने मात्र तक्रार केली की मुलाचा आनंद घालवला. त्यांचंही अगदीच चूक म्हणत नाही मी. मेळावा मजेसाठीच असावा. हिशेब दुसऱ्या दिवशी.

आमचा वाद कुठे होतो? तिचं म्हणणं, मोबाइलच्या जमान्यात पाढे घोकून घेणं बंद करा. मला हे पटत नाही. असर 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. ही उद्याची गिऱ्हाइकं आणि उद्याचे दुकानदार. पण ती पुढे जे म्हणते ते मान्य. उत्तर मशीन देईल, ते वेडंवाकडं आलंय हे माणसाला ओळखता यायला हवं. गेल्या महिन्यात 45 रुपयांच्या 12 वह्यांचं बिल कॅल्क्युलेटरवर 5400 आलं, एक शून्य जास्त दाबलं गेलं होतं. तिने आकडा बघताच हात थांबवला. हा अंदाज पाढ्यांतूनच येतो, हे मी तिला पुन्हा ऐकवलं. हसली.

आणि काळाप्रमाणे शाळेने बदलणं नवीन थोडंच आहे? आजोबांना विचारा, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. कारण बाजार आणे-पैशांचा आणि शेर-पावशेराचा होता. 1957 मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू गेले. आपल्याकडे हाताने काम करत शिकण्याची वाटही जुनीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिची 'कमवा आणि शिका' योजना सगळ्यांना माहीत आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती शिकवली, तीही गावाची खरी कामं करून.

मी तिला म्हटलं होतं, टीईटी आणि पवित्र पोर्टलच्या भरतीची वाट बघत कशाला बसतेस, स्वतःचा क्लास काढ, मी सेटअप करून देतो. धंदा म्हणून कल्पना पक्की आहे, आजही म्हणतो. ती म्हणाली, "दादा, फी भरणाऱ्यांची मुलं कुठेही शिकतील. भेळेवाला मुलगा क्लासला येणार नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती सरकारी शाळेच्या भरतीचीच वाट बघणार आहे, त्यात किती वर्षं जातील कोण जाणे.

तोवर आपल्या हातात काय आहे? राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम बघायचं. आपल्या भागातल्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना सांगा की माझं दुकान, माझं वर्कशॉप दोन तास उघडं आहे. आठ-दहा मुलं पुरेत. त्यांना खोकी उचलायला लावू नका, माल विकायला तर अजिबात नाही. एक वस्तू हातात द्या, खरेदीचं बिल दाखवा, विक्रीची किंमत सांगा. मग भाड्याचा आणि विजेचा महिन्याचा आकडा फळ्यावर लिहा आणि विचारा, या दुकानाला रोज असे किती नग विकावे लागतील? उधारीची वहीही दाखवा, नावं झाकून. आमच्याकडे पुढच्या शनिवारी सातवीचा पहिला गट येतोय. फळा तिने पुसून ठेवलाय, खडूचा डबा मी काउंटरवर काढलाय.