नादाची प्रतिकृती

मूर्तीची प्रतिकृती घडविणाऱ्याला तिचे रूप हुबेहूब साधावे लागते. वाद्याची प्रतिकृती घडविणाऱ्याचे काम याहून बिकट असते. त्याला रूपाबरोबर नादही साधावा लागतो. इंग्लंडमधील ‘रेड स्पेशल’ या तांबूस गिटारीची हकीकत हेच सांगते.

१९६३ साली ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाला विद्युत्-गिटार हवी होती. परंतु ती विकत घेण्याची घरच्यांची ऐपत नव्हती. तेव्हा वडिलांच्या साहाय्याने त्याने ती घरीच घडविण्यास आरंभ केला. एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून गिटारीची मान कोरण्यात आली. त्या लाकडाला किडीने पाडलेली छिद्रे आगकाड्यांनी बुजविली. आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्यांची बटणे पट्टीवरील खुणा बनली. तारांचा ताण तोलण्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा उपयोगी पडल्या. सुमारे दोन वर्षांनी गिटार सिद्ध झाली.

पुढे ब्रायन मे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात वादक झाले आणि त्या गिटारीचा नाद जगभर दुमदुमला. याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले होते.

परंतु अशी गिटार जगात एकच होती. प्रवासात ती हरवली किंवा मोडली, तर तो नाद पुन्हा कोठून आणावा? ऑस्ट्रेलियातील वाद्यकार ग्रेग फ्रायर यांनी मूळ गिटारीची बारकाईने मापे घेऊन तिच्या तीन प्रतिकृती घडविल्या. १९९८ साली त्यांनी मूळ गिटारीची डागडुजीही केली.

येथे केवळ रंगरूप जुळवून भागत नाही. पोलादी तार छेडली म्हणजे ती चुंबकावर थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठविला जातो. ध्वनिक्षेपकातून निघालेला मोठा आवाज गिटारीच्या अंगावर आदळून तारांना पुन्हा कंपित करतो. या गिटारीचे अंग आतून काहीसे पोकळ असल्यामुळे हा परिणाम विशेष जाणवतो. म्हणून चुंबक, वेटोळी, लाकूड आणि डोळ्यांना न दिसणारी पोकळी, या सर्वांचाच मेळ जमावा लागतो.

एका मुलाने टाकाऊ सामानातून जे जुळविले, त्याची मापे पुढे एका निष्णात कारागिराला केसभरही न चुकता घ्यावी लागली!