आजार ओसरला, मग कामं का अडतात?

कारखान्यात उसाची नोंद द्यायची राहिली. पाण्याची पाळी आली तरी मोटर दुरुस्त झालेली नाही. ठिबकच्या अनुदानाची फाइल एका कागदासाठी अडून बसली आहे. बारामती-इंदापूरच्या बागायती घरात अशा माणसाला लगेच कामचुकार ठरवतात. त्यातून त्याला उन्माद आणि नैराश्याचे काळ येणारा बायपोलर आजार असेल आणि तो ओसरला असेल, तर बोलणी जास्तच बसतात: “आता बरा झालाय ना, मग कसला आळस?”

मन ताळ्यावर आलं म्हणजे कामाची घडीही लगेच बसते, असं नसतं. कामांचा क्रम लावणं, दोन गोष्टी एकदम ध्यानात धरणं, मोह आवरणं, बेत फसला तर दुसरा आखणं, या साऱ्याला कार्यकारी क्षमता म्हणतात. त्यात कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा असतो. ती तपासायची एक चाचणी अशी: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. तोंडात आधी ‘लाल’च येतं, ते आवरावं लागतं. बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांना, मन स्थिर असतानाही, अशा चाचण्या जड जातात. सगळ्यांना नाही, पण ज्यांना जातात त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे.

बायपोलर आणि बॉर्डरलाइन हे दोन मनोविकार एकच, हाही गैरसमज. बायपोलरमधला उन्माद निदानाच्या निकषांनुसार किमान आठवडाभर टिकतो, नैराश्य किमान दोन आठवडे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात मन काही तासांत पालटतं, बहुधा नात्यातल्या दुखावण्याने. एरवी बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी मुलगी नवऱ्याने फोन उचलला नाही म्हणून स्वतःला इजा करून घेते. भावनेच्या त्या लोंढ्यात तिचा आवरच सुटतो. घरचे मात्र ‘नाटकं करते’ म्हणतात, किंवा ‘मूल झालं की सुधारेल’. मूल हा यावरचा उपाय नाही. मार्शा लिनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी (डीबीटी) ही उपचारपद्धती घडवली. तरुणपणी आपणही यातून गेल्याचं त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात बहुसंख्य रुग्णांची लक्षणं ओसरलेली दिसली आहेत.

बायपोलरच्या ‘गोळ्यांनी डोकं बधिर होतं’ यात थोडं तथ्य आहे. काही औषधांनी सुस्ती येते. तसं डॉक्टरांना सांगितलं तर डोस बदलता येतो. गोळ्या परस्पर बंद केल्या तर आजार उलटू शकतो, आणि वारंवार उलटलेल्यांत कार्यकारी क्षमता जास्त खालावलेली आढळते. लिथियम हे बायपोलरचं औषध चालू असेल तर उन्हातान्हात भरपूर पाणी प्यावं, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं.

आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित राहते ती झोप. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाऊन होणारी लागोपाठची जागरणं उन्मादाला निमित्त ठरू शकतात. बायपोलर असलेल्या भावाच्या वाट्याचं रात्रीचं पाणी घरातल्या दुसऱ्याने बघावं. दिवसाची कामं त्याला एकेक करून, कागदावर लिहून द्यावीत.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवावं. तेवढं जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.