‘गोदान’मधली गाय आणि अपुरी राहिलेली स्वप्नं

मुन्शी प्रेमचंद यांची ‘गोदान’ ही हिंदी कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रेमचंद गेले. या कादंबरीवर प्रश्न आला की आपण एक ठरलेलं वाक्य लिहितो : ‘होरीचे गाय पाळण्याचे स्वप्न अपुरे राहते.’ पण होरीच्या दारात गाय आली होती की! ती आली आणि गेली, आणि त्यामुळेच तो जास्त खोल बुडाला. हे लिहिलं नाही तर उत्तर अर्धंच राहतं.

आधी होरी कोण ते पाहू. अवध प्रांतातल्या बेलारी गावचा हा शेतकरी. वय अजून चाळीसही नाही, पण दिसतो म्हातारा. पाचेक बिघे जमीन, तीही जमीनदाराची, आणि डोक्यावर कर्ज. त्याला गाय का हवी? गोबरला दूध मिळेल म्हणून, आणि दारात गाय असली की घराला शोभा येते म्हणूनही. दुसरं कारण विसरू नका. हे स्वप्न पोटाचं आहे तसंच मानाचंही आहे.

गाय मिळते ती भोला गवळ्याकडून, ८० रुपयांना, उधारीवर. भोलाचंही एक स्वप्न आहे. त्याची बायको वारली आहे आणि त्याला पुन्हा लग्न करायचं आहे. होरी त्याला मुलगी बघून देतो म्हणतो. म्हणजे एकाच्या स्वप्नाच्या आधारावर दुसऱ्याचं स्वप्न उभं राहतं. पण भोलाची चाराटंचाई कळल्यावर होरी त्याला उलट भुसा देतो. अडलेल्या माणसाची गाय घेणं त्याला पटत नाही. होरी थोडा लबाड आहे आणि फार भला आहे, दोन्ही एकदम!

पुढे सख्खा भाऊ हिरा जळफळाटापोटी त्या गाईला विष घालतो आणि पळून जातो. गाय मरते, उधारी मात्र जिवंत राहते. गोबरपासून दिवस गेलेली झुनिया, भोलाची विधवा मुलगी, आसऱ्याला येते. होरी आणि धनिया तिला घरात घेतात. त्याबद्दल पंचायत १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य दंड ठोकते. दंड भरायला होरी घर गहाण टाकतो, तेही ८० रुपयांवरच. मग भोला गाईच्या पैशांपायी बैलजोडी सोडून नेतो. बैल नाहीत तर शेतकरी कसला? गाईचं स्वप्न बघणारा माणूस मजूर होतो.

माझ्या मते खरी दुःखाची जागा धनियाची आहे. तिचे तीन मुलगे लहानपणीच गेले आणि औषधपाणी झालं असतं तर ते वाचले असते, असं तिला वाटत राहतं. या स्वप्नाबद्दल परीक्षेत कोणी विचारत नाही.

गोबर शहरात कमवायला लखनौला जातो, थोडा पैसा करतो, पुढे साखर कारखान्याच्या संपात मार खातो. जमीनदार रायसाहेबांना मुलासाठी राजघराण्यातली सोयरीक हवी असते, मुलगा ऐकत नाही. दोघांची स्वप्नं मोडली हे खरं, पण एकाच मापाने मोजू नका. रायसाहेबांचा अपमान होतो, त्यांची चूल विझत नाही.

शेवटी जमीन वाचवायला होरी धाकट्या रूपाचं लग्न वयस्कर रामसेवकशी लावतो आणि २०० रुपये घेतो. ती रूपा सासरी सुखात असते. वडिलांना गाईची किती हौस होती हे आठवून ती एक गाय माहेरी पाठवते. इकडे होरी नातवाच्या दुधासाठी पुन्हा गाय घ्यायचं मनात धरून रोज आठ आण्यांवर खडी खोदतोय आणि रात्री सुतळी वळतोय. भर उन्हात त्याला लू लागते.

मरणाऱ्याच्या हातून गोदान करायची रीत असते. घरात गाय नाही, वासरू नाही, पैसा नाही. धनिया सुतळी विकून आलेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या थंड हातात ठेवते आणि समोर उभ्या दातादीन पंडिताला सांगते की हेच याचं गोदान. सावकारी करणाऱ्या याच दातादीनचं होरी देणं लागत होता.