शिखर दूर आहे, पायऱ्यांचे काय?

टेनिसचा हंगाम संपत आला की वर्षभरात अव्वल कामगिरी करणाऱ्या आठ महिला खेळाडू एकेरीसाठी आणि आठ जोड्या दुहेरीसाठी एका शहरात एकत्र येतात. चार-चारांचे दोन गट, गटात प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ, त्यानंतर उपांत्य व अंतिम सामना, अशी या स्पर्धेची रचना असते. येथे प्रवेश अर्ज करून मिळत नाही. वर्षभराच्या कामगिरीवरच तो ठरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात रियाध येथे एलेना रिबाकिनाने आरिना साबालेंकाला हरवून हे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तिच्या हाती ५२ लाख ३५ हजार डॉलर पडले. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे वर्षाचा ताळेबंद कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या भावावर मांडला जातो, तेथे ही बातमी परक्या जगातली वाटावी हे स्वाभाविक आहे. तरीही तिचा विचार केला पाहिजे. कारण हा आकडा कोणी दान म्हणून दिलेला नाही, तो संघटनेच्या बळावर मिळविलेला आहे. आणि त्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दोन पायऱ्या आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात आणि मुंबईत होत्या.

एका डॉलरचा करार

१९७० साली लॉस एंजलिस येथील एका नामांकित स्पर्धेत पुरुष विजेत्याला साडेबारा हजार डॉलर आणि महिला विजेतीला दीड हजार डॉलर असे बक्षीस जाहीर झाले. त्याच्या निषेधार्थ बिली जीन किंग आणि त्यांच्या सहकारी खेळाडूंनी ह्यूस्टनमध्ये स्वतंत्र स्पर्धा घेण्याचे ठरविले. २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊ खेळाडूंनी 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी केवळ एका डॉलरचा करार केला. अमेरिकेतील टेनिस संघटनेने निलंबनाची धमकी दिली असताना त्यांनी हे धाडस केले. त्यांना पैसा मिळाला तो 'व्हर्जिनिया स्लिम्स' या सिगरेटच्या उत्पादकांकडून. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगरेटच्या जाहिरातींना बंदी येणार होती आणि या उत्पादकांना जाहिरातीसाठी दुसरे दार हवे होते. न्याय्य मागणी आणि व्यापारी गरज यांची अशी गाठ पडली.

या वेगळ्या दौऱ्याचा समारोप म्हणून १९७२ साली फ्लोरिडातील बोका रॅटन येथे पहिली हंगामअखेरची स्पर्धा झाली. ख्रिस एव्हर्टने अंतिम सामन्यात त्या मूळ नऊजणींपैकी केरी मेलव्हिलला हरविले. परंतु अठरा वर्षे पूर्ण न झालेली एव्हर्ट त्या वेळी हौशी खेळाडू असल्याने पंचवीस हजार डॉलरचे बक्षीस तिला घेता आले नाही. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले. विंबल्डनला तेथवर यायला २००७ साल उजाडावे लागले. ज्या कष्टकऱ्यांना आपली मजुरी ठरविण्याच्या बैठकीत जागा नसते त्यांनी स्वतःची बैठक भरवावी, हा या साऱ्या इतिहासाचा अर्थ आहे.

थैली यजमानाच्या हाती

मात्र शिखरावरचे उत्पन्नही स्थिर नसते. २०१८ मध्ये सिंगापूर येथे या स्पर्धेच्या बक्षिसांची एकूण रक्कम ७० लाख डॉलर होती. २०१९ मध्ये स्पर्धा चीनमधील शेंझेन येथे गेली आणि ती एकदम १ कोटी ४० लाखांवर पोहोचली. तेथील करार दहा वर्षांचा होता. २०२० ची स्पर्धा महासाथीमुळे झालीच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात चीनची खेळाडू पेंग श्वाई हिने एका माजी उपपंतप्रधानाविरुद्ध आरोप केल्यानंतर ती काही काळ दिसेनाशी झाली. महिला टेनिस संघटनेने डिसेंबरात चीनमधील आपल्या सर्व स्पर्धा स्थगित केल्या. या तत्त्वनिष्ठेची किंमत मोजावी लागली. २०२२ मध्ये अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथे बक्षिसांची एकूण रक्कम ५० लाख डॉलर एवढीच होती. २०२३ मध्ये संघटना चीनमध्ये परतली. २०२४ मध्ये हंगामअखेरची स्पर्धा रियाधला गेली आणि रक्कम १ कोटी ५२ लाख ५० हजारांवर चढली. सौदी अरेबियात स्त्रियांच्या हक्कांची जी स्थिती आहे ती पाहता या निवडीला ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांनीच जाहीर विरोध केला होता. ही रक्कम तिकीटविक्रीतून ठरत नाही. आपले नाव जगापुढे यावे म्हणून यजमान किती मोजायला तयार आहे यावर ती ठरते. म्हणून जो विचारवंत केवळ शिखराचा आकडा सांगून महिला टेनिसच्या भरभराटीचा निर्वाळा देतो, तो अर्धेच सांगतो. खेळाची खरी प्रकृती पाहायची तर खालच्या पायऱ्यांकडे पाहावे लागते.

पुणे, मुंबई आणि बार्शी

नोव्हेंबर २०१२ मध्ये बालेवाडी येथे महिलांची एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा झाली. महिला टेनिस संघटनेने त्याच वर्षी सुरू केलेल्या दुय्यम दर्जाच्या मालिकेतील ती स्पर्धा होती. ती अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जिंकली. सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, तिनेच सिंगापूर येथे हंगामअखेरचे अजिंक्यपद मिळविले. २०१७ मध्ये मुंबईत त्याच दर्जाची स्पर्धा झाली; तिची विजेती होती एकोणीस वर्षांची साबालेंका. पुढे २०२३ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली. युक्रेन आणि बेलारूसच्या या मुलींनी पुण्या-मुंबईच्या पायरीवर पाय ठेवून शिखर गाठले, याचा हेवा करण्याचे कारण नाही. पण पुण्यातील ती स्पर्धा पुन्हा झाली नाही, आणि मुंबईतील स्पर्धा २०१८ नंतर थांबली ती थेट २०२४ मध्ये सुरू झाली. खेळाडूचे उमेदीचे वय सहा-सात वर्षांचे असते. तेवढ्या काळात एक संपूर्ण पिढी या पायरीवाचून निघून गेली. पायरी असली की काय होते हे २०२५ च्या मुंबईतील स्पर्धेने दाखविले. कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आत आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली.

एकेरीत हंगामअखेरच्या स्पर्धेपर्यंत एकही भारतीय महिला पोहोचलेली नाही. दुहेरीत मात्र मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाने २०१४ मध्ये कारा ब्लॅकच्या आणि २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसच्या साथीने सिंगापूर येथे हे अजिंक्यपद मिळविले. याच २०१४ सालच्या सप्टेंबरात इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सानियाने महिला दुहेरीचे कांस्यपदक जिंकले होते, आणि तेव्हा तिच्या जोडीला होती प्रार्थना ठोंबरे. प्रार्थना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्येही ती सानियाच्या साथीने खेळली. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावातील मुलगी शिखरावरच्या खेळाडूच्या शेजारी उभी राहू शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र त्यासाठी तिला हैदराबादेत सानियाच्या प्रबोधिनीत सराव करावा लागला, हेही विसरता येणार नाही.

हदगावचा हिशेब

खो-खोच्या एका मैदानावर, दोन खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्या भांडवलात, दोन संघांच्या मुली एका वेळी खेळतात. टेनिसच्या एका मैदानावर फार तर चारच. चेंडू काही तासांत निस्तेज होतो; मोठ्या स्पर्धांत तर पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर नवे चेंडू आणावे लागतात. रॅकेटच्या तारा, बूट आणि मार्गदर्शकाचे मानधन वेगळेच. त्यातून वर चढायचे तर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात. तेथे बक्षिसांची एकूण रक्कम पंधरा हजार डॉलर, आणि विजेतीच्या हातीही दोन-अडीच हजार डॉलरच्या आसपास पडतात. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणारीचा प्रवासखर्चही निघत नाही. हदगावच्या मुलीला सरावासाठी आधी नांदेड, मग पुणे, मग परगाव, असा हा खर्च वाढत जातो. तिच्यात गुण नाहीत असे कोणी म्हणू नये; याच नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात देशाचा ध्वज वाहिला आहे.

पावसावर अवलंबून असलेल्या, कर्जाने वाकलेल्या भागात टेनिसची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्येक तालुक्याला टेनिसचे मैदान द्या अशी मागणी कोणीही शहाणा माणूस करणार नाही. परंतु बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. त्यात हदगावच्या करदात्याचाही वाटा आहे. त्या वाट्याच्या मोबदल्यात मराठवाड्याने थोडेच मागावे. नांदेड व लातूर येथे सार्वजनिक मैदाने, एक पगारी मार्गदर्शक आणि शेजारी मुलींचे वसतिगृह असावे. तालुक्याच्या शाळांतून दरवर्षी निवड व्हावी. निवडलेल्या मुलींना राज्यातील स्पर्धांसाठी प्रवासखर्च मिळावा. आणि राज्यात होणाऱ्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धा यजमानाच्या लहरीवर न सोडता त्यांचे निश्चित वार्षिक वेळापत्रक असावे. एका मोठ्या सोहळ्याच्या रोषणाईपेक्षा अशा चार लहान स्पर्धांनी खेळाडूंचा अधिक फायदा होईल.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बिली जीन किंग यांच्या नावाची आशिया-ओशनिया गटाची स्पर्धा झाली आणि भारतीय महिला संघ दुसरा क्रमांक मिळवून पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरला. ज्यांनी एका डॉलरवर सही केली त्यांचे नाव आपल्या गावी येऊन गेले. त्या नऊजणींनी प्रथम स्वतःसाठी पायरी बांधली आणि मगच शिखराची भाषा केली, एवढे जरी आपल्या क्रीडाधुरीणांनी त्यांच्याकडून घेतले तरी हदगावच्या मुलीला बार्शीच्या मुलीसारखे सराव करण्यासाठी परराज्यात जावे लागणार नाही.