सांधते की जोडते?

एका शब्दावरून घरात अबोला झालेला तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या बिबवेवाडीत, अगदी शेजारच्या घरात झाला होता.

शेजारचा मुलगा सहावीत. 'माझी आजी' या निबंधात त्यानं लिहिलं, 'आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे सांधते आणि गोधडी शिवते.' वही तपासून आली तेव्हा 'सांधते'खाली लाल रेघ आणि वर लिहिलेलं 'जोडते'. अर्धा गुण गेला. अर्ध्या गुणाचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण हा पठ्ठ्या घरी येऊन आजीलाच म्हणाला, "तुझ्यामुळं चुकलं माझं. असलं गावाकडचं बोलत जाऊ नकोस." आजी गप्प बसली. त्या दिवसापासून ती नातवाशी मोजकंच बोलायला लागली. न जाणो, आणखी एखादा चुकीचा शब्द तोंडून जायचा!

त्याची आई वही घेऊन माझ्याकडे आली. मी कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. हा पहिल्यांदा 1831 साली निघाला, वाढवलेली आवृत्ती 1857 ची. त्यात 'सांधणें' आहे. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडला, तो 1932 ते 1938 या काळात सात खंडांत आपल्या पुण्यातच तयार झालेला. त्यातही आहे. आजी पास!

या शब्दाचं मूळ संस्कृतात, 'सम्' आणि 'धा', म्हणजे एकत्र ठेवणं. त्याचं गोत मोठं आहे. व्याकरणातला संधी, गुडघ्यातला सांधा, त्या सांध्याला छळणारा संधिवात, दिवस आणि रात्र भेटतात तेव्हाचा संधिप्रकाश, सगळे एकाच घरातले.

मग जोडणं आणि सांधणं यात फरक काय? हात जोडतात, मित्र जोडतात, नळाला पाइप जोडतात. हात काही कुणी सांधत नाही. पण तोच हात मोडला, की आतलं हाड सांधावं लागतं! सांधताना कडेला कड भिडते, आणि बहुतेक वेळा आधी काहीतरी तुटलेलं, फाटलेलं किंवा मध्ये अंतर पडलेलं असतं. ठिगळ वरून लावतात, ते सांधणं नव्हे. हरवलेला दुवा मात्र सांधतात. भांडलेल्या दोन भावांची मनंही सांधतात, आणि हे काम हाडापेक्षा अवघड.

रेल्वेतही सांधे असतात. पूर्वी साधारण 13 मीटर लांबीचे रूळ पट्ट्या-बोल्टांनी सांधायचे आणि मध्ये जरा फट ठेवायचे, कारण उन्हात लोखंड वाढतं. गाडीचा तो ठरावीक 'खडक्-खडक्' आवाज त्या फटींचाच. आता बऱ्याच ठिकाणी रूळ वितळवून सांधतात, म्हणून आवाज कमी झाला. (मला तो आवडायचा.) गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा ती 'सांधा बदलते', आणि त्या वेळी खडखडाट हा होतोच.

दुसऱ्या दिवशी त्यानं शब्दकोशातला उतारा वर्गात नेला. बाईंनी तो नीट वाचला, लाल रेघ खोडली आणि अर्धा गुण परत दिला. आजीचं मात्र एवढ्यावर भागणार नव्हतं. तिला वहीतला गुण दाखवला, तर नुसती "बरं" म्हणाली.

रविवारी दुपारी ती गोधडी घेऊन बसली होती. हा जवळ जाऊन बसला. दोन तुकडे हातात घेतले आणि म्हणाला, "आजी, हे कसं सांधायचं गं?"

आजीनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"कडंला कड लाव आधी," ती म्हणाली. "आन् टाका बारीक घाल, न्हाईतर थंडी आत शिरती."