डायरी? चौकोन पुरतो!

दर एक जानेवारीला माझं ठरलेलं. दादरला रानडे रोडवर जायचं, झकास जाडजूड डायरी घ्यायची आणि पहिल्या पानावर 'आता रोज लिहायचं' असं सुवाच्य अक्षरात लिहायचं. आठवडाभर सगळं मस्त. मग ऑफिस, डेडलाइन, करी रोडची गर्दी... संक्रांतीपर्यंत डायरी तिळगुळाच्या डब्याखाली! अशा पाच अर्धवट डायऱ्या आहेत माझ्याकडे. तुमच्याकडे किती?

गेल्या दिवाळीत लालबागच्या आमच्या खोलीची साफसफाई करताना माळ्यावर आजीच्या जुन्या 'कालनिर्णय'ची गुंडाळी सापडली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर. मागे रेसिपी, पुढे चौकोनात दुधाचा हिशेब, हा घरोघरचा रिवाज. सहज १९८२ उघडलं.

१८ जानेवारी, सोमवार. चौकोनात एकच शब्द, 'संप'. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तो दिवस. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातले एक माझे आजोबा. हे मला माहीत होतं, पण इतिहासाच्या धड्यासारखं. चौकोन वेगळंच सांगत होते. जानेवारीत 'दूध १ लि.', एप्रिलमध्ये 'अर्धा', जूनमध्ये 'पाव'. एका चौकोनात फक्त 'पाटल्या'. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'दूध १ लि.'.

"आजी, तू डायरी लिहायचीस?"

"कसली डायरी मेल्या! दूधवाल्याचा हिशेब तो." मग जरा थांबून म्हणाली, "पाटल्यांचं कुणाला सांगणार होते? भिंतीला सांगितलं."

माझी ट्यूब पेटली. मी रोज निबंध लिहायला बसत होतो. म्हणूनच उठून जात होतो. आता फ्रिजशेजारी कॅलेंडर टांगलंय. दिवसाला एक चौकोन, फार तर तीन-चार शब्द. 'अप्रेझल. चिडलो. वडापाव.' झाला दिवस! एखादा चौकोन रिकामा राहिला तरी अपराधी वाटून घ्यायचं नाही. तेवढ्यावरूनही तो दिवस बरोब्बर आठवतो.

माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरमध्ये. गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या चौघांना नारळ मिळाला. घरी मी अवाक्षर काढलं नाही. रात्री चौकोनात लिहिलं, 'चौघे गेले. मी उरलो.'

सकाळी पाहिलं तर त्याखाली आजीच्या थरथरत्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती.

'दूध १ लि.'