कापड श्वास घेते म्हणजे काय?

धावण्यासाठीच्या पावसाळी जॅकेटच्या चिठ्ठीवर दोन दावे शेजारी शेजारी छापलेले असतात: जलरोधक आणि श्वास घेणारे. पाऊस आत येणार नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाईल, अशी ही दुहेरी हमी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर धावताना सोबतच्या धावपटूंकडून मी एकच तक्रार वारंवार ऐकत आलो आहे: ‘एवढे पैसे मोजले, तरी आतून भिजलोच!’ तक्रार खरी असते. पण दोष दरवेळी कापडाचा असतोच असे नाही. हे समजायचे तर ‘श्वास’ हा शब्द बाजूला ठेवावा लागतो. कापड श्वास घेत नाही. त्यातून बाष्प पलीकडे जाते, आणि तेही पलीकडच्या हवेत बाष्प कमी असेल तरच.

नुसता पाऊस अडवणे तसे जुने काम. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवण्याचे पेटंट घेतले. पाऊस अडला, पण घामही आत अडकला. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी व्हेंटाइल हे घट्ट विणीचे सुती कापड तयार केले. ते भिजले की सूत फुगते आणि विणीतल्या फटी बुजतात. पुढचा टप्पा 1969 मधला. टेफ्लॉन म्हणून आपल्या तव्यांवर आलेल्या पदार्थाची तापवलेली कांडी अमेरिकेत बॉब गोर यांनी झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कितीतरी पट ताणली गेली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. गोअर-टेक्सचे पातळ पटल यातूनच आले. पाण्याचा थेंब या छिद्रांच्या मानाने प्रचंड मोठा. शिवाय हा पदार्थ पाण्याला जवळ करत नाही, म्हणून थेंब बाहेरच राहतो. बाष्पाचे सुटे रेणू मात्र सहज पार होतात.

चिठ्ठीवर आकडेही असतात. ‘10,000 मिलिमीटर’ म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापडाने सोसला. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो: एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती बाष्प गेले. समजा, तोही 10,000 आहे. तासाचा हिशेब सुमारे 417 ग्रॅम होतो. जोरात धावणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम सहज येतो. म्हणजे जॅकेटचे कापड एक चौरस मीटर धरले, तर प्रयोगशाळेतल्या आकड्यानेही निम्म्याहून अधिक घाम आतच उरतो.

आणि प्रयोगशाळेतली हवा घाटात नसते. काही चाचण्यांत तर कापडापलीकडे बाष्प ओढून घेणारे क्षाराचे द्रावण ठेवलेले असते. घाटात काय होते ते पाहू. जॅकेटच्या आतली हवा 33 अंश सेल्सिअस आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असेल, तर बाष्पदाब सुमारे 5 किलोपास्कल असतो. युरोपातल्या डोंगरात 5 अंशांच्या पावसात बाहेरचा बाष्पदाब 0.9 च्या आसपास. फरक चारहून अधिक. आपल्याकडे 25 अंशांच्या ओथंबलेल्या हवेत तोच दाब 3.2 असतो, फरक दोनहूनही कमी. जॅकेट तेच, पण बाष्पाला बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला, की ते कापड पाणी पिते आणि पटलावर पाण्याचा थर बसतो. तेव्हा आत जाणवणारी ओल बहुधा गळतीची नसते, आपल्याच घामाची असते.

मग जॅकेट घरीच ठेवावे का? नाही. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ सदऱ्यात होते. वारारोधक जॅकेट सोबत ठेवणे सक्तीचे नव्हते. 21 धावपटू दगावले. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटीपाशी ऊब देऊन वाचवले. ओले अंग आणि वारा एकत्र आले की शरीराची उष्णता झपाट्याने जाते. जॅकेट तो वारा अडवते. आतून घामाने ओले झाले, तरी हे काम ते करतच राहते.

आपल्या उबदार पावसासाठी उत्तर वेगळे आहे, आणि ते भातखाचरात फार पूर्वीपासून होते. बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवलेले इरले डोके आणि पाठ झाकते; पुढून आणि खालून मोकळे असते. वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या अंगाभोवती वारा खेळत राहतो. आतली दमट, तापलेली हवा जाऊन बाहेरची तुलनेने कमी बाष्पाची हवा येते. हे काम कुठल्याही पटलापेक्षा उघड्या फटी अधिक वेगाने करतात. म्हणून आपल्याकडे जॅकेट घेताना मी ग्रॅमच्या आकड्याआधी काखेतल्या फटी आणि लांब चेन पाहतो. घाट चढताना ते पिशवीत राहिले आणि पावसाने अंग भिजले, तरी बिघडत नाही. धावणारे शरीर ऊब तयार करत असते. पाय मुरगळला, थांबावे लागले किंवा उघड्या सड्यावर वारा सुटला, की मात्र ते लगेच अंगावर यावे. तेव्हा ‘श्वास घेणारे’ हा शब्द नसला तरी चालेल. त्या वेळी जॅकेट पिशवीत असायला हवे, एवढेच.